आगीशी झुंजणाऱ्यांचे कवच

(आग लागली की आपण बंबाला बोलावतो. बंबाबरोबर येणारे जवान आपले रक्षण करतात. पण त्या जवानांचे रक्षण कोण करते? त्यांचा पोशाख कसा असतो? कायद्याने कोणावर कोणती जबाबदारी टाकली आहे? याची माहिती या पाठात दिली आहे.)

14 एप्रिल हा दिवस आपल्या देशात 'अग्निशमन सेवा दिन' म्हणून पाळला जातो. त्या दिवसापासून पुढे आठवडाभर ठिकठिकाणी आग विझवण्याची प्रात्यक्षिके होतात. अग्निशमन केंद्रांत शहीद जवानांना मानवंदना दिली जाते. हा दिवस का निवडला, हे समजण्यासाठी आपल्याला 1944 सालच्या मुंबईत जावे लागेल.

त्या वेळी दुसरे महायुद्ध चालू होते. 'फोर्ट स्टिकीन' नावाचे एक मालवाहू जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभे होते. जहाजात कापसाचे हजारो गठ्ठे होते, तेलाची पिंपे होती आणि सुमारे 1400 टन स्फोटके होती. कापूस लवकर पेट घेतो आणि आतल्या आत धुमसत राहतो. स्फोटकांशेजारी त्याला जागा देणे म्हणजे दारूच्या कोठारात निखारा ठेवण्यासारखे होते. 14 एप्रिलच्या दुपारी जहाजातून धूर निघू लागला. अग्निशमन दलाचे जवान धावत आले. त्यांनी जहाजात पाण्याचा मारा सुरू केला. जहाजात स्फोटके असतील, तर धोक्याची खूण म्हणून लाल बावटा लावण्याची रीत होती. तो बावटा जहाजावर नव्हता. चार वाजून गेल्यावर पहिला प्रचंड स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या सुमारास दुसरा. गोदी आणि आसपासच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. शेकडो माणसे मरण पावली. त्यांत अग्निशमन दलाचे 66 जवान होते.

अशा स्फोटापुढे कोणताही पोशाख टिकला नसता. पण या घटनेने एक गोष्ट शिकवली. आग विझवणाऱ्याला धैर्य हवे, हे खरे. पण केवळ धैर्य पुरत नाही. त्याला योग्य साधने हवीत, आत काय आहे याची खरी माहिती हवी आणि धोका वाढला की मागे फिरण्याचा हुकूम वेळेवर मिळायला हवा. साधने, माहिती आणि हुकूम या तिन्हींसाठी नियम लागतात. नियम करणे आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणे, हे शासनाचे काम आहे.

प्रथम साधनांचा विचार करू. जवानाचा अंगरखा दिसायला साधा, जाड कोटासारखा असतो. पण त्याचे तीन थर असतात. बाहेरचा थर सहज पेट न घेणाऱ्या धाग्यांचा असतो. ज्वाला लागली तरी तो वितळून अंगाला चिकटत नाही. मधला थर पाणी आत येऊ देत नाही. आतला थर उष्णता अडवतो. तुम्ही विचाराल, आगीत काम करणाऱ्याला पाण्याची भीती कसली? याचे उत्तर तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. गरम तवा ओल्या फडक्याने धरून पाहणाऱ्याला चटका लवकर बसतो, कारण ओल्या कापडातून उष्णता झटकन हाताकडे येते. अंगरखा आतून भिजला, तर पाण्याची वाफ होऊन जवानाची कातडी भाजते.

डोक्यावर कठीण शिरस्त्राण म्हणजे हेल्मेट असते. त्याला डोळ्यांसमोर पारदर्शक पडदा आणि मानेवर झालर असते. हातांत जाड हातमोजे असतात. पायांत उंच बूट असतात. बुटांच्या पुढे पोलादी टोपी आणि तळव्यात पोलादी पत्रा असतो, म्हणजे खिळे व काचा पायात शिरत नाहीत. ही सर्व सामग्री आणि पाठीवरचे श्वसनयंत्र मिळून वजन वीस किलोच्या आसपास जाते. एवढे ओझे घेऊन जवानाला अंधारात जिने चढावे लागतात.

या सामग्रीत श्वसनयंत्राचे महत्त्व सर्वांत जास्त आहे. आगीत माणसे ज्वाळांपेक्षा धुराने अधिक मरतात. धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटते. मग शरीराला प्राणवायू मिळत नाही. माणूस आधी गोंधळतो, नंतर बेशुद्ध पडतो. 29 डिसेंबर 2017 रोजी मुंबईत लोअर परळच्या कमला मिल परिसरात आग लागली. तिच्यात 14 जणांचा मृत्यू झाला. त्यांतील बहुतेक जण गुदमरून गेले. म्हणून तोंडाला ओला रुमाल बांधून धुरात शिरणे ही बहादुरी नाही. रुमाल काजळी थोडीफार अडवतो. विषारी वायू अडवत नाही.

पाठीवरच्या नळकांड्यात प्राणवायू असतो, असे अनेकांना वाटते. ते बरोबर नाही. त्यात दाब देऊन भरलेली साधी, स्वच्छ हवा असते. शुद्ध प्राणवायू आगीजवळ नेला, तर आग आणखी भडकेल. आता एक छोटे गणित करू. नळकांड्यात 6 लिटर जागा आहे आणि हवा 300 पट दाबून भरली आहे. म्हणजे आत सुमारे 1800 लिटर हवा मावली. जवानाला मिनिटाला 40 लिटर हवा लागली, तर ती 45 मिनिटे पुरेल. पण जिने चढून, ओझे उचलून त्याला धाप लागली आणि मिनिटाला 60 लिटर हवा लागू लागली, तर ती 30 मिनिटांत संपेल. याच वेळात त्याला आत जायचे असते, माणसे शोधायची असतात आणि परत बाहेर यायचे असते. हवा थोडी उरली की यंत्रातून शिट्टी वाजू लागते. शिट्टी म्हणजे 'आता बाहेर पडा' असा इशारा. म्हणून बाहेर उभा असलेला एक जण, कोण केव्हा आत गेला आणि त्याच्याजवळ किती हवा आहे, याची नोंद ठेवतो. जवान एकट्याने आत जात नाहीत, जोडीने जातात.

अंगरखा चांगला आहे की नाही, हे नुसते पाहून कळत नाही. बाजारात दोन अंगरखे सारखेच दिसतील. एक आगीत टिकेल आणि दुसरा जळेल. म्हणून मानक ठरवावे लागते. मानक म्हणजे मालाची ठरलेली कसोटी. आपल्या देशात हे काम भारतीय मानक ब्युरो करते. अग्निशमन जवानांच्या संरक्षक कपड्यांसाठी 'आयएस 16890' हे मानक आहे. कापड ज्वालेत किती टिकते, उष्णता किती वेळ अडवते, धुतल्यावर त्याचे गुण राहतात की नाही, अशा बाबी प्रयोगशाळेत तपासल्या जातात. 2022 साली केंद्र सरकारने संरक्षक वस्त्रांच्या गुणवत्तेविषयी आदेश काढला आणि त्यात या कपड्यांचा समावेश केला. खरेदी करणाऱ्या कचेरीने केवळ कमी किमतीकडे पाहिले, तर त्या बचतीची किंमत जवानाला मोजावी लागते.

आता जबाबदारी कोणाची, ते पाहू. 'कायदा', 'इमारत', 'मालक', 'जबाबदारी', 'हुकूम' हे शब्द तुम्हांला उर्दूतूनही ठाऊक आहेत. आगीविषयीचा आपला कायदा समजून घ्यायला हेच शब्द उपयोगी पडतात.

मुंबईत 1888 च्या महापालिका कायद्याने आगीपासून रक्षण करण्याचे काम महापालिकेकडे दिले. पुढे 74 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. नगरपालिका व महानगरपालिका यांच्याकडे सोपवता येणाऱ्या कामांची यादी तिच्यात आहे आणि त्या यादीत अग्निशमन सेवेचा समावेश आहे. जवानांना साधने व प्रशिक्षण देणे, बंब सज्ज ठेवणे ही या संस्थांची जबाबदारी असते. अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. 1956 साली ते उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू झाले आणि नंतर नागपूरला आले.

महाराष्ट्रात 2006 चा 'आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम' डिसेंबर 2008 पासून अमलात आला. या कायद्याने एक महत्त्वाची गोष्ट केली. आगीपासून बचावाची व्यवस्था ठेवणे ही इमारतीच्या मालकाची किंवा तिचा वापर करणाऱ्याची जबाबदारी ठरवली. अग्निशामक उपकरणे चालू स्थितीत आहेत, असे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र त्याने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करायचे असते. अग्निशमन अधिकाऱ्यांना इमारतीची तपासणी करण्याचा, दोष आढळल्यास नोटीस देण्याचा अधिकार आहे. धोका गंभीर असेल, तर वीज व पाणी तोडून जागेला टाळे ठोकता येते. प्रत्यक्ष आगीच्या वेळी रस्ता बंद करणे, अडथळा करणाऱ्याला दूर करणे, दार फोडून आत शिरणे, हेही अधिकार त्यांना आहेत.

कोणी म्हणेल, मालकाच्या प्रमाणपत्राचा जवानाच्या जिवाशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. जिन्यात जुने सामान भरलेले असेल, तर जवान अडखळतो. इमारतीच्या नळाला पाणी नसेल, तर त्याचा वेळ जातो आणि नळकांड्यातील हवा संपत राहते. तळमजल्यावर रसायनाची पिंपे लपवलेली असतील, तर त्याला गोदीतील त्या जहाजासारखा दगा होतो.

9 मे 2015 रोजी मुंबईच्या काळबादेवी भागात गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. आग विझवण्याचे काम चालू असताना इमारत कोसळली. या दुर्घटनेत मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी शहीद झाले. प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, महेंद्र देसाई आणि संजय राणे ही त्यांची नावे. दलाचा प्रमुख स्वतः आगीसमोर उभा होता, ही गोष्ट मुंबईकर विसरलेले नाहीत. पण अभिमानाबरोबर एक प्रश्नही मनात ठेवला पाहिजे. कोसळणाऱ्या भिंतीखाली अंगरखा आणि शिरस्त्राण काय करणार? अंगावरचे कवच हे शेवटचे कवच आहे. पहिले कवच म्हणजे आगच लागू नये आणि लागलीच तर लहान राहावी, अशी व्यवस्था. ते पहिले कवच जवान आणू शकत नाहीत. ते आपण सर्वांनी मिळून तयार करायचे असते.

विद्यार्थी मित्रांनो, यात तुमचाही वाटा आहे. आग दिसली तर 101 किंवा 112 या क्रमांकावर फोन करा. पत्ता, जवळची खूण, कोणत्या मजल्यावर आग आहे आणि आत माणसे आहेत का, हे शांतपणे सांगा. गॅसचे सिलिंडर किंवा रसायने आत असल्यास तेही सांगा. तुमची ती माहिती म्हणजे जवानासाठी लाल बावटाच आहे. गंमत म्हणून खोटा फोन करू नका. बंब चुकीच्या ठिकाणी धावतो, त्या वेळी खरी आग दुसरीकडे लागलेली असू शकते. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करू नये, हे घरातील मोठ्यांना अदबीने सांगा. धुरात अडकलात, तर जमिनीलगत वाकून बाहेर पडा आणि एकदा बाहेर आल्यावर वस्तू आणायला परत आत जाऊ नका. तुम्ही आत गेलात, तर तुम्हांला शोधायला एका जवानाला आत जावे लागेल.

शब्दार्थ

कवच – अंगाचे रक्षण करणारे आवरण
प्रात्यक्षिक – प्रत्यक्ष करून दाखवणे
मानवंदना – सन्मानाची सलामी
उद्ध्वस्त – पूर्ण नष्ट झालेले, बरबाद
धुमसणे – ज्वाळा न दिसता आतून जळणे
मानक – ठरलेली कसोटी
दगा होणे – धोका होणे

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अग्निशमन सेवा दिन केव्हा पाळला जातो?
(आ) जवानाच्या पाठीवरच्या नळकांड्यात काय असते?
(इ) मालकाने प्रमाणपत्र कोणत्या महिन्यांत द्यायचे असते?

2. कारणे लिहा.
(अ) जवानाचा अंगरखा आतून भिजू नये.
(आ) ओला रुमाल बांधून धुरात शिरू नये.

3. 'अंगावरचे कवच हे शेवटचे कवच आहे.' या वाक्याचा अर्थ पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.

4. गणित करा : नळकांड्यात 1800 लिटर हवा आहे. जवानाला मिनिटाला 50 लिटर हवा लागते. आत जायला 12 मिनिटे लागली. परत यायलाही तेवढीच लागणार असतील, तर शोधकामासाठी किती मिनिटे उरतील?

5. उपक्रम : आपल्या शाळेतील अग्निशामक उपकरणे कोठे आहेत, ते शिक्षकांबरोबर पाहा. त्यांवरील तपासणीची तारीख वहीत लिहून घ्या. तारीख उलटून गेली असल्यास मुख्याध्यापकांना मराठीत विनंतिपत्र लिहा.