अंगावरून वारें जाणें

एखाद्याचें तोंड अकस्मात् वांकडें झालें, एक हात लुळा पडला, बोलणें अडखळूं लागलें, कीं आपल्या खेड्यांत "अंगावरून वारें गेलें" असें म्हणतात. वस्तुतः त्यांत वाऱ्याचा कांहीं संबंध नसतो. मेंदूस रक्त पोंचविणारी वाहिनी गुठळीनें बुजते किंवा फुटते, आणि रक्तावांचून मेंदूचा तो भाग क्षणोक्षणीं मरूं लागतो.

गुठळी विरघळविणारें औषध आहे. परंतु तें आरंभापासून साडेचार तासांच्या आंतच देतात, आणि वाहिनी फुटलेली असल्यास तेंच औषध घातक होतें. या दोहोंतील भेद डोक्याचा स्कॅन केल्यावांचून निश्चित कळत नाहीं. यास्तव घरीं कोणतीही गोळी देऊं नये. पाणीही पाजूं नये, कारण तें श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें. रोगी धडधाकट असा शेवटीं केव्हां दिसला, ती वेळ मात्र लिहून ठेवावी. डॉक्टर प्रथम तीच विचारतात.

गगनबावड्याहून कोल्हापूर सुमारें ५५ किलोमीटर आहे. तेल चोळण्यांत आणि कबुतराचें रक्त लावण्यांत सकाळ घालविली, तर साडेचार तासांपैकीं उरतें काय? महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य येते. ज्या रुग्णालयांत स्कॅन होतो तेथेंच नेण्यास सांगावें.

हात दहा मिनिटांत पूर्ववत् झाला, तरीही त्याच दिवशीं जावें. मोठ्या आघातापूर्वीं पुष्कळदां असा इशारा मिळतो. मुख्य कारण वाढलेला रक्तदाब. तंबाखू व मधुमेह हे त्याचे सोबती. रक्तदाब बहुधा दुखत नाहीं, म्हणूनच "आतां बरें वाटतें" असें म्हणून पुष्कळ जण गोळी सोडून देतात.