गाठीची रसद: मोठ्या आतड्याचा कर्करोग समजून घेताना

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या उपचारखर्चाच्या अंदाजपत्रकात ‘रक्तवाहिन्या रोखणारे इंजेक्शन’ असा उल्लेख आला, की रुग्णाचे नातेवाईक व आमचे देणगीदार एकच प्रश्न विचारतात : एवढ्या खर्चाने नेमके साधते काय? त्याचे उत्तर सोप्या शब्दांत येथे देत आहोत.

गाठ कशी वाढते?

प्रत्येक पेशीला प्राणवायू व पोषण रक्तातून मिळते. एक-दोन मिलिमीटरपर्यंतची गाठ आसपासच्या पेशींतून झिरपणाऱ्या पोषणावर तगते. त्यापुढे तिच्या आतील पेशींना प्राणवायू अपुरा पडतो व त्या ‘व्हीईजीएफ’ नावाचे प्रथिन स्रवू लागतात. या प्रथिनाच्या संदेशाने जवळच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटतात. जखम भरताना शरीर हीच यंत्रणा वापरते. मात्र जखम भरली की ते काम थांबते, गाठीचे थांबत नाही. साकीनाक्याच्या रहिवाशांना मुख्य जलवाहिनीवरील चोरट्या नळजोडण्यांची उपमा सहज पटेल. या नव्या वाहिन्या वेड्यावाकड्या व गळक्या असतात. त्यांतून कर्करोगाच्या पेशी रक्तात शिरतात. आतड्यांतील रक्त प्रथम यकृताकडे जात असल्याने रोगही बहुधा तेथेच आधी पसरतो.

औषधाचे कार्य व मर्यादा

गाठीची ही रसद तोडावी, हा विचार अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. त्यातून पुढे आलेल्या ‘बेव्हॅसिझुमॅब’ या औषधाला फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोग पसरलेल्या रुग्णांना केमोथेरपीसोबत हे औषध दिले असता मध्यम आयुर्मान १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेले. हे महिने कुटुंबासाठी मोलाचे असतात; परंतु याने रोग समूळ बरा होतो, अशी समजूत करून घेऊ नये. रक्तदाब वाढणे, जखम भरण्यास विलंब, क्वचित आतड्यास छिद्र पडणे असे धोकेही संभवतात. म्हणून नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी किमान २८ दिवस हे औषध थांबवतात.

खरी बचत कोठे?

हा रोग बहुधा आतड्याच्या अस्तरावरील लहानशा कोंबातून, म्हणजे पॉलिपमधून, अनेक वर्षांत वाढतो. दुर्बिणीच्या तपासणीत (कोलोनोस्कोपी) असा कोंब काढून टाकल्यास पुढचा कर्करोग टळू शकतो. शौचातून रक्त जाणे, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, अकारण वजन घटणे वा रक्तक्षय या लक्षणांना केवळ ‘मूळव्याध’ वा ‘अशक्तपणा’ समजून घरगुती उपाय करत बसू नये.

धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के व दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव ठेवण्याची योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ मधील आदेशाने लागू झाली. गरजू कुटुंबांनी याविषयी समाजसेवा विभागात संकोच न करता विचारावे. देणगीदारांना नम्र विनंती, की औषधांइतकेच साहाय्य वेळेवर होणाऱ्या तपासणीसही करावे. गाठीने रसद मिळवण्याआधीच ती सापडावी, यातच रुग्णाचे हित व दानाचे सार्थक आहे.