वटवाघळं मोजून पोट भरेल का?

बारावीला नव्वद टक्के मिळवलेली मुलगी ‘मला वटवाघळांवर काम करायचंय’ म्हणाली, की घर क्षणभर गप्प होतं आणि मग ठरलेला प्रश्न येतो. त्यात पोट भरेल का? प्रश्न रास्त आहे. पण आधी हे काम असतं कसं, ते पाहू.

मेघालयात नाँगखिल्लेम अभयारण्याजवळ लैलाडचं जंगल आहे. चकतीसारख्या पायांचं वटवाघूळ भारतात असल्याची पहिली नोंद 2021 मध्ये इथूनच झाली आणि 2022 मध्ये जाड अंगठ्याची एक जात तर जगालाच नवी निघाली. दोन्ही बांबूच्या आश्रयाने राहणारी. चकतीपायाची कवटी इतकी चपटी, की बांबूच्या चिरेतून ते पोकळ कांड्यात शिरतं आणि पायाच्या गादीने गुळगुळीत भिंतीला चिकटून राहतं. बांबू तुटला की त्याचं घर गेलं. जंगल तोडून-जाळून केली जाणारी झूम शेती आणि चुनखडीच्या खाणी या राज्यातलं जंगल खात आहेत, म्हणून कुठे कोण राहतं याची यादी आत्ताच व्हायला हवी.

काम दिवेलागणीला सुरू होतं. ओढ्यावर बारीक धाग्याचं जाळं लावायचं आणि सतत तपासत राहायचं, कारण उशीर झाला तर गुंतलेला जीव दमतो. सोडवलेलं वटवाघूळ सुती पिशवीत ठेवायचं. मग कोपरापासून मनगटापर्यंतची लांबी व्हर्नियर कॅलिपरने मोजायची. जात ओळखताना हे माप फार उपयोगी पडतं. वजन, फोटो, आणि लगेच सुटका. जाळ्यात न येणाऱ्यांचे, आपल्या कानांपलीकडचे आवाज डिटेक्टर टिपतो. कित्येक रात्री हाती काहीच लागत नाही. ती रिकामी रात्रही वहीत तितक्याच प्रामाणिकपणे लिहावी लागते.

वटवाघळांपासून होणाऱ्या आजाराची भीती खोटी नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांच्या 2020 मध्ये घेतलेल्या नमुन्यांत निपाह विषाणूच्या खुणा आढळल्या होत्या. म्हणून रेबीजची लस, हातमोजे, मास्क आणि वन खात्याची परवानगी यांशिवाय कुणीही वटवाघळाला हात लावू नये.

आता पैशांचं. प्राणिशास्त्रात बीएस्सी, मग डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बेंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस) किंवा पुण्याचं गरवारे महाविद्यालय अशा ठिकाणी एमएस्सी. नेट-जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, की पीएचडी करताना महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं. त्याआधीची प्रकल्प साहाय्यकाची वर्षं ओढाताणीची असतात आणि कायमच्या नोकऱ्या थोड्या आहेत, हे मुलीला स्पष्ट सांगा. संख्याशास्त्र पक्कं असलं, तर पर्यावरण आघात अहवालांचं कामही मिळतं.

पालकांनो, फी भरण्याआधी तिला एखाद्या सर्वेक्षणात आठवडाभर नुसत्या नोंदी लिहायला पाठवा. चौथ्या रिकाम्या रात्रीही ती आपणहून वही उघडत असेल, तर तिला अडवू नका.