रुईवरचे पाहुणे

होळी उलटली की बीदरभोवतालची तांबडी जांभ्याची माळजमीन तापू लागते. पुस्तकांत वसंत आणि फुलपाखरे यांची जोडी नेहमी भेटते; म्हणून एका शनिवारी सकाळी आठवीच्या विद्यार्थ्यांसह आम्ही पापनाश तळ्याच्या बाजूस फुलपाखरे शोधावयास निघालो. तासभर हिंडूनही गणती पाचसहांपुढे गेली नाही. आपल्या कोरड्या पठारावर त्यांचा भर पावसाळ्याच्या अखेरीस असतो. चैत्राच्या सुमारास ती दिसावयाची ती ओल आणि हिरवे पान जेथे उरले असेल तेथेच. काठच्या चिखलावर काही पिवळी फुलपाखरे सोंड लावून बसली होती. अशी बसणारी बहुधा नर असतात. पाण्याबरोबर ते मातीतील क्षार शोषून घेतात. कोणी त्यांना चिट्टे म्हणाले, कोणी तितली. आमच्या कोकणी घरात तेच पिसोळें.

परतताना वाटेत रुईचे झुडूप लागले. काळ्या टोकांवर पांढरा पट्टा असलेले एक नारिंगी फुलपाखरू पोट वाकवून पानामागे एकएक अंडे ठेवीत होते. हे बिबळ्या कडवा. सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीच्या मिसर देशातील नेबामूनच्या थडग्यातील चित्रात हेच फुलपाखरू ओळखता येते. त्याची पट्टेरी अळी रुई आणि तिच्या कुळातील वनस्पतींवरच वाढते. चिकातील विष ती अंगात साठविते, त्यामुळे फुलपाखरूही कडू होते व पक्षी त्याच्या वाटेस जात नाहीत. म्हणूनच ते इतके संथ उडते! दुसऱ्या एका निर्विष जातीची मादी तर याचेच सोंग घेऊन निर्धास्त हिंडते. (चीक डोळ्यांत जाऊ नये म्हणून मुलांना आम्ही हातभर दूर उभे केले होते.)

एका विद्यार्थिनीने विचारले, "गुरुजी, आपल्या कुंपणापाशी ही पूर्वी येत असत. यंदा का नाहीत?"

उत्तर आम्हांस ठाऊक होते, पण देणे जड गेले. गतवर्षी श्रमदानाच्या दिवशी कुंपणालगतची सारी रुई निरुपयोगी म्हणून आम्हीच उपटावयास लावली होती आणि तेथे मोगरा लावला होता. मोगऱ्यावर ही अळी जगत नाही. ते आम्ही मुलांना तेथेच सांगितले. ती मुलगी म्हणाली, "दोन झुडपे मीच उपटली होती."

सोमवारी पाहिले तो कुंपणाच्या कोपऱ्यात एका जुन्या खोडास फुटवा आलेला. तो तोडू नये असे शिपाईमामांना सांगितले आहे. रोज सकाळी त्याची पाने उलटून पाहण्याचे काम आठवी 'ब'ने आपल्याकडे घेतले आहे.