नागपूरचीं निशाणें

निशाण म्हणजे वस्तुतः कापडाचा तुकडा. परंतु त्याच्यासाठीं माणसें तुरुंगांत जातात व प्रसंगीं प्राणही वेंचतात. राज्य पालटलें कीं निशाण पालटतें, हा नियम इतिहासांत सर्वत्र आढळतो. फ्रान्समध्यें राज्यक्रांतीनें तिरंगी निशाण उभारलें. बूर्बों राजे परत येतांच पांढरें आलें व १८३० सालीं पुनः तिरंगी फडकलें. रशियांत १९१७ च्या क्रांतीनंतर लाल निशाण आलें, तें १९९१ सालीं उतरलें. पण या नियमाचा अभ्यास करावयास आपणांस इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. आपलें नागपूर पुरेसें आहे.

येथें भोसल्यांचें राज्य असतां मराठ्यांचा भगवा झेंडा फडके. तथापि त्यांच्या रुपयावर नांव असे तें दिल्लीच्या मोगल बादशहाचें! बादशहाची सत्ता केव्हांच लयास गेली होती. परंतु त्याच्या नांवावांचून नाणें लोकांस खरें वाटत नसे. म्हणजे सत्ता जाते तरी तिचें चिन्ह कांहीं काळ मागें रेंगाळतें.

नोव्हेंबर १८१७ मध्यें सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई होऊन आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला. राजा गादीवर राहिला, परंतु खरी सत्ता इंग्रज रेसिडेंटाकडे गेली. पुढें १८५३ सालीं तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, तेव्हां लॉर्ड डलहौसीनें दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलें. त्यानंतर येथें युनियन जॅक निर्वेध झाला.

आतां याच्या उलट प्रकार पाहा. १९२३ सालीं देशाची सत्ता हातीं आलेली नव्हती, तरी तिचें निशाण आधींच आलें होतें. पांढरा, हिरवा व तांबडा असे पट्टे आणि त्यांवर चरखा, असा तो स्वराज्याचा झेंडा. तो घेऊन सिव्हिल लाइन्समध्यें जाण्यास सरकारनें मनाई केली. १ मे रोजीं सत्याग्रह सुरू झाला. प्रांतोप्रांतींचे स्वयंसेवक येत, झेंडा हातीं धरून निघत व पकडले जात. अशा रीतीनें हजारांवर लोक तुरुंगांत गेले. पुढारी जमनालाल बजाज यांस अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल यांनीं सूत्रें हातीं घेतलीं. अखेर १८ ऑगस्ट रोजीं मिरवणूक झेंड्यासह त्याच रस्त्यानें गेली.

१९३१ सालीं काँग्रेसनें केशरी, पांढरा व हिरवा हे रंग ठरविले. २२ जुलै १९४७ रोजीं घटनासमितीनें तेच रंग राखून चरख्याच्या जागीं चोवीस आऱ्यांचें अशोकचक्र घेतलें. २६ जानेवारी १९५० रोजीं सारनाथची सिंहमुद्रा राष्ट्राचें चिन्ह झाली व त्याच वर्षीं १५ ऑगस्टपासून नव्या नाण्यांवर राजाच्या मुखवट्याऐवजीं ती उमटूं लागली.

विद्यार्थिमित्रहो, यांतून एक गोष्ट ध्यानांत धरावी. बादशहाचें नांव नाण्यावर राहिलें, पण त्यानें बादशाही वांचली नाहीं. उलट, १९२३ चा झेंडा सत्तेवांचून उभा राहिला. कारण त्याच्यामागें कष्ट सोसणारीं माणसें होतीं. चिन्हास तेज येतें तें तें वाहणाऱ्यांच्या आचरणानें. शाळेच्या अंगणांत तिरंग्यास वंदन करितांना, हा झेंडा आपल्याच गांवच्या रस्त्यावरून न्यावयास एके काळीं कारावास भोगावा लागला, याचें स्मरण असावें आणि आपली वागणूक त्यास साजेशी ठेवावी.