मोठ्या खंडानंतर पुन्हा खेळ : बेन होगनच्या उदाहरणावरून एक पाठ



दहावीचं वर्ष सुरू झालं की आपल्याकडे पहिली गदा येते ती खेळावर. बॅट माळ्यावर जाते, कबड्डीचा सराव बंद होतो. परीक्षा संपल्यावर वर्ष-दीड वर्षानं तुम्ही मैदानात उतरता आणि लक्षात येतं, की डोक्याला सगळं आठवतंय पण पाय ऐकत नाहीत. मग बरीच मुलं चार दिवसांत खेळ कायमचा सोडतात. "आता जमत नाही" असं सांगतात. आजचा पाठ याच 'जमत नाही'बद्दल आहे. उदाहरण मात्र गोल्फचं घेतलंय.

गोल्फच का? तर या खेळात चेंडू स्थिर असतो. कोणी तो तुमच्या अंगावर फेकत नाही, कोणी आडवा येत नाही. त्यामुळे खंड पडल्यावर आपलं काय गेलं आणि काय शिल्लक आहे हे अगदी स्वच्छ दिसतं. दोष द्यायला समोर कोणी नसतंच!

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मैदानावर 18 होल असतात, म्हणजे जमिनीतले छोटे खळगे. प्रत्येक होलमध्ये कमीत कमी फटक्यांत चेंडू घालायचा. किती फटके अपेक्षित आहेत तो आकडा ठरलेला असतो, त्याला 'पार' म्हणतात. एक फटका जास्त लागला तर 'बोगी', एक कमी लागला तर 'बर्डी'. शेवटी ज्याचे फटके सर्वांत कमी, तो जिंकला. आणि एक गोष्ट लोक विसरतात : 18 होलची एक फेरी म्हणजे सहा-सात किलोमीटर चालणं. आजच्या पाठात फटक्यांपेक्षा हे चालणंच महत्त्वाचं आहे.

आता बेन होगनकडे वळू. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात 1912 साली त्याचा जन्म झाला. अकरा-बारा वर्षांचा असताना तो गोल्फच्या मैदानावर कॅडीचं काम करायचा, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी उचलून त्यांच्याबरोबर चालायचं. सतराव्या वर्षी तो व्यावसायिक खेळाडू झाला खरा, पण एकट्याच्या नावावर पहिला विजय मिळायला 1940 साल उजाडावं लागलं. त्यानंतर मात्र त्याची गाडी सुसाट सुटली. 1948 मध्ये त्यानं यूएस ओपन आणि पीजीए अशा दोन मोठ्या स्पर्धा जिंकल्या.

2 फेब्रुवारी 1949. होगन आणि त्याची पत्नी व्हॅलेरी मोटारीनं घरी परतत होते. टेक्सासमधल्या व्हॅन हॉर्न गावाजवळ सकाळच्या धुक्यात ट्रकला ओलांडायला निघालेली एक प्रवासी बस समोरून थेट त्यांच्या अंगावर आली. होगननं स्टिअरिंग सोडलं आणि पत्नीला वाचवण्यासाठी तिच्या अंगावर झेप घेतली. ती फारशी जखमी झाली नाही. आणि गंमत बघा, त्या झेपेनं त्याचाही जीव वाचला, कारण स्टिअरिंगचा दांडा त्याच्या आसनातून आरपार गेला होता. तरी कमरेचं हाड, गळ्याजवळचं हाड, बरगडी आणि डावा घोटा इतकी हाडं मोडली. पुढे रक्तात गुठळ्या होऊ लागल्या. त्या फुप्फुसाकडे जाऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून पोटातली मुख्य शीर बांधून टाकली. जीव वाचला, पण पायांतलं रक्त नीट वर चढेना. पाय सुजायचे, दुखायचे, आणि हे दुखणं जन्मभराचं होतं.

इथे थोडं थांबूया, कारण पाठाचा गाभा इथे आहे.

खंडानंतर माणसाला दोन वेगवेगळ्या गोष्टी परत आणायच्या असतात. एक कसब आणि दुसरी दमसास. कसब सहसा लवकर जात नाही. सायकल चालवायला शिकलेला माणूस दहा वर्षांनीही चालवतो. दमसास मात्र काही आठवड्यांतच ओसरायला लागतो. गोची अशी, की डोकं कसबाच्या हिशेबानं हुकूम सोडतं आणि शरीराला तो झेपत नाही. गोल्फमध्ये हे फार ठळक दिसतं. जुन्या जोरानं काठी फिरवायला गेलं की कंबर धरते, नाहीतर चेंडू भलतीकडेच जातो. खेळाडू म्हणतो, "माझा फटका बिघडला." खरं तर फटका डोक्यात जिथल्या तिथे असतो. तो पेलणारं शरीर तेवढं उरलेलं नसतं. हा फरक ज्याला कळत नाही, तो चुकीच्या गोष्टीवर मेहनत करत बसतो.

होगननं काय केलं? आधी चालला. एप्रिलच्या सुरुवातीला घरी आल्यावर तो घरातल्या घरात फेऱ्या मारू लागला, मग त्या हळूहळू वाढवत नेल्या. काठी बऱ्याच नंतर हातात आली. त्या सप्टेंबरमध्ये तो इंग्लंडला रायडर कप स्पर्धेत अमेरिकेचा कर्णधार म्हणून गेला, पण न खेळणारा कर्णधार. मला तर वाटतं, पुढच्या विजयांइतकंच हेही लक्षात ठेवावं. मैदानावर जायचं, सगळं बघायचं आणि खेळायचं नाही, हे कुठल्याही खेळाडूला किती जड जातं ते तुम्हाला माहीतच आहे.

जानेवारी 1950 मध्ये, अपघाताला वर्ष व्हायच्या आत, तो लॉस एंजेलिस ओपनमध्ये खेळला. पहिल्या फेरीत 73 फटके, पुढच्या तिन्ही फेऱ्यांत 69. सॅम स्नीडनं बरोबरी साधली आणि नंतरच्या निर्णायक फेरीत होगन हरला. पण कसब शाबूत आहे हे सिद्ध झालं. दमसासाची परीक्षा बाकी होती.

ती जूनमध्ये झाली. फिलाडेल्फियाजवळ मेरियन इथे यूएस ओपन होती. तेव्हाच्या नियमानुसार शेवटच्या दिवशी, म्हणजे शनिवारी, एकाच दिवसात दोन फेऱ्या खेळाव्या लागत. 36 होल, बारा-तेरा किलोमीटर! होगनच्या पायांना घोट्यापासून मांडीपर्यंत पट्ट्या गुंडाळलेल्या असत आणि खेळानंतर तो गरम पाण्यात पाय शेकत बसायचा. दुपारच्या फेरीत तो आघाडीवर होता, पण शेवटच्या टप्प्यात पाय जवळजवळ संपले आणि बोगी पडत गेल्या. अठराव्या होलवर आला तेव्हा बरोबरीत राहायला चार फटक्यांत पार हवाच होता. दुसऱ्या फटक्याला त्यानं एक नंबरचं आयर्न काढलं. ही काठी भल्याभल्यांना साधत नाही. फटका थेट ग्रीनवर पडला, म्हणजे होलभोवतीच्या कातरलेल्या हिरवळीवर. त्या क्षणाचा हाय पेस्किन यांनी पाठीमागून काढलेला फोटो गोल्फमधल्या सर्वांत प्रसिद्ध फोटोंपैकी एक आहे. त्यात होगनचा चेहरा दिसत नाही. दिसतो तो फटका पूर्ण झाल्यावरचा तोल, दूरवर उभी असलेली गर्दी, आणि काठी खांद्यामागे गेलेला एक थकलेला माणूस.

पुढच्या दोन फटक्यांत चेंडू होलमध्ये गेला. होगन, लॉइड मँग्रम आणि जॉर्ज फॅझिओ तिघेही 287 वर बरोबरीत. म्हणजे रविवारी आणखी 18 होल! त्या फेरीत होगनला 69 फटके लागले, मँग्रमला 73 आणि फॅझिओला 75. (मँग्रमनं सोळाव्या होलवर चेंडूवर बसलेला किडा फुंकून उडवायला चेंडू उचलला आणि दोन फटक्यांचा दंड ओढवून घेतला. नियम वाचायचा कंटाळा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

इथपर्यंतची गोष्ट बरेच जण सांगतात. मला तुमच्यासाठी त्यापुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. होगन परत आला, पण पूर्वीसारखा आठवड्यामागून आठवडे खेळत सुटला नाही. त्यानं स्पर्धा मोजून निवडल्या. पीजीए स्पर्धेत तेव्हा एकास एक सामने व्हायचे आणि दिवसचे दिवस दोन-दोन फेऱ्या चालाव्या लागायच्या. ती स्पर्धा त्यानं दोनदा जिंकली होती, तरी नंतरची अनेक वर्षं सोडून दिली. नावडती झाली म्हणून नव्हे, पायांच्या हिशेबात बसत नव्हती म्हणून. 1953 साली तो फक्त सहा स्पर्धा खेळला आणि त्यातल्या पाच जिंकला. त्यात मास्टर्स होती, यूएस ओपन होती आणि स्कॉटलंडमधल्या कार्नुस्टी इथली ब्रिटिश ओपनही होती. तिथला चेंडू अमेरिकेतल्यापेक्षा थोडा लहान आणि जमीनही वेगळी, म्हणून तो बऱ्याच आधी जाऊन मैदानाची ओळख करून घेत राहिला. चार फेऱ्यांत 73, 71, 70 आणि 68 असे त्याचे फटके दर वेळी कमी होत गेले.

त्याच्या एकूण नऊ मोठ्या विजेतेपदांपैकी तीन अपघाताच्या आधीची आहेत आणि सहा नंतरची.

स्वाध्याय

1. होगननं काठी हातात घेण्याआधी चालण्यापासून सुरुवात का केली असावी? कसब आणि दमसास हे दोन्ही शब्द वापरून पाच-सहा ओळींत लिहा.

2. जिंकलेली स्पर्धा पुन्हा न खेळण्याचा निर्णय तुम्हाला पटतो का? वर्गात दोन गट करून चर्चा करा. न पटणाऱ्यांनीही कारणं द्यायची आहेत.

3. तुम्ही सोडलेला एखादा खेळ, वाद्य किंवा चित्रकला घ्या. वहीत दोन रकाने आखा. एकात अजून काय येतं ते लिहा, दुसऱ्यात शरीराला किंवा हाताला आता काय झेपत नाही ते. दुसऱ्या रकान्यातली सर्वांत छोटी गोष्ट उद्या पंधरा मिनिटं करून बघा आणि काय झालं ते मला येऊन सांगा.