आपोआप बंद, आपोआप सुरू

नशिराबाद, ता. जि. जळगाव
श्रावण

चि. बाळास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा मोबाईलवरचा निरोप वाचला. उत्तर तिथेच देता आलं असतं, पण वायरिंगचं काम दोन ओळींत सांगितलं की ते महागात पडतं. म्हणून कागद घेतला.

गणपतीला आजोळी येशील तेव्हा न्हाणीघरातल्या एक्झॉस्ट पंख्याला टायमर बसवायचा, असं तू ठरवलं आहेस. आजी पंखा लावते आणि विसरते, तो दुपारपर्यंत घरघरत राहतो, ही तुझी तक्रार खरी आहे. आयटीआयत वायरमन ट्रेडचं दुसरं वर्ष चालू असलेल्या पोराचे हात शिवशिवणारच. काम तूच कर. मी जवळ उभा राहीन, पण पक्कड हातात घेणार नाही. त्याआधी चार गोष्टी ऐकून घे.

पहिली गोष्ट हिशेबाची. वीज वाचेल म्हणून टायमर लावतोस, तर आकडे मांडून बघ. आपला सहा इंची पंखा साधारण ३० वॉटचा. रोज दहा तास विसरला गेला तर दिवसाला ०.३ युनिट, महिन्याला ९ युनिट. तोच दिवसाला तासभर चालला तर महिन्याला एक युनिटही भरत नाही. म्हणजे बचत आठ युनिटांची. वाईट नाही, पण एवढ्यासाठी भिंतीचा बोर्ड उघडावा असंही नाही. खरा फायदा वेगळाच आहे. आजी पंखा बंद करायला विसरते, आणि तुझी मामी अंघोळ करून बाहेर आली की लगेच बंद करते. दुसरी सवय पहिलीपेक्षा वाईट. वैशाखात पारा ४५ वर असतो तेव्हा आपलं न्हाणीघर पंख्याविनाही दहा मिनिटांत कोरडं होतं. पण श्रावण-भाद्रपदात वाफ भिंतीवर बसते, पुट्टीला फुगे येतात, कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि लाकडी दार फुगून चौकटीला घासतं. माणूस बाहेर आल्यावरही पंखा थोडा वेळ चालायला हवा आणि मग थांबायला हवा. हे टायमर बरोबर करतो.

थोडा वेळ म्हणजे किती? आपलं न्हाणीघर पाच बाय सात फूट, उंची आठ. म्हणजे आत साधारण ८ घनमीटर हवा. पंख्याच्या डब्यावर काहीही छापलेलं असो, महामार्गाची धूळ पात्यांवर आणि झडपांवर बसली की हवा बरीच कमी फेकली जाते. तासाला १२० घनमीटर धरलीस तरी वीस मिनिटांत आतली हवा पाच वेळा बदलते. पावसाळ्यात वीस मिनिटं पुरतात, उन्हाळ्यात पाचसुद्धा जास्त होतात. मात्र जेवढी हवा बाहेर जाते तेवढी कुठून तरी आत यावी लागते. दार खाली फरशीला टेकलेलं असेल तर पंखा नुसता फिरतो. तेव्हा आधी दाराखाली बोटभर फट आहे का ते बघ, पाती आणि झडपा धुऊन घे, पंखा हाताने मोकळा फिरतो का ते बघ. अडकलेल्या मोटारीला टायमर लावणं म्हणजे तिला रोज वीस मिनिटं तापवणं.

आता मुख्य गोष्ट. या पत्रातलं बाकी सगळं विसरलास तरी चालेल, एवढं लक्षात ठेव : आपोआप बंद होणारी वस्तू घरात बिनधास्त आण, पण आपोआप सुरू होणाऱ्या वस्तूकडे नेहमी संशयाने बघ.

केळीच्या बागांत हिंडलेल्या पोराला हे नव्याने सांगायला नको. रात्री-बेरात्री लाइट आली की विहिरीवरची मोटार आपली आपण सुरू व्हावी म्हणून शेतकरी ऑटोस्विच लावतात. त्यांची अडचण खरी आहे, रात्री दोन वाजता कोण जाणार शेतात? पण लाइट येताच शिवारातल्या साऱ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. मोटार उठताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. तेवढा भार एकदम आला की डीपी जळते आणि ऐन पाण्याच्या दिवसांत सगळं शिवार कोरडं पडतं. म्हणून महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे की ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा. त्यात आणखी एक धोका आहे. लाइट गेली आहे म्हणून कोणी मोटारीत हात घालून बसलेला असतो, आणि तिकडे ऑटोस्विच लाइटची वाट बघत असतो.

तुझा टायमर याच कसोटीवर घास. वीस मिनिटं चालू असताना मध्येच लाइट गेली आणि तासाभराने आली, तर तो काय करतो? पंखा बंदच ठेवतो, की पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो? पंख्याच्या बाबतीत फार बिघडणार नाही, पण तुझी वस्तू लाइट आल्यावर कशी वागते ते तुला ठाऊक असायला हवं. आयटीआयतल्या सिरीज बोर्डवर बल्ब लावून आधीच बघून घे. भिंतीवर बसवल्यावर कळण्यापेक्षा ते बरं.

घरातला सगळ्यात मोठा ऑटोस्विच कोणता, सांग बघू? जिन्याखालचा इन्व्हर्टर. तू मेन पाडशील आणि वीज गेली असं समजशील. इन्व्हर्टरला वाटेल की लाइट गेली, आणि तो तत्परतेने उठून त्याच बोर्डात २३० व्होल्ट सोडेल. नुसतं इन्व्हर्टरचं बटण बंद करून भागत नाही, कारण मेन चालू असेल तर पुष्कळ इन्व्हर्टर बटण बंद असतानाही ती वीज तशीच पुढे जाऊ देतात. दोन्ही बंद हवेत. मेनही आणि इन्व्हर्टरही. कोणता पॉइंट इन्व्हर्टरवर आहे आणि कोणता नाही, याचा कागद आपल्या घरात कोणी ठेवलेला नाही. तो तू कर आणि मेनच्या दाराला आतून चिकटव. टायमरपेक्षा तो कागद जास्त दिवस उपयोगी पडेल.

दुसरा ऑटोस्विच घरातली माणसं. गणपतीत घर भरलेलं असतं. दिवे गेलेले दिसले की कोणीतरी उठतं, मेन पडलेला बघतं आणि तुला मदत म्हणून तो उचलतं. तेव्हा स्थापनेच्या दिवशी कामाला हात लावू नकोस. दुसऱ्या दिवशी दुपारी कर, आणि मामीला मेनपाशी खुर्ची टाकून बसव. तिच्यासमोरून कोणाची उचलायची छाती होणार नाही.

वीज गेली हे टेस्टरला विचारायचं, पण टेस्टरचं बोलणं तपासून घ्यायचं. आधी चालू पॉइंटवर लावून तो पेटतो का बघ, मग तुझ्या तारांवर लाव, आणि पुन्हा एकदा चालू पॉइंटवर. मेन बंद असताना चालू पॉइंट कुठून आणायचा? शेजाऱ्यांच्या ओट्यावरून. मधल्या वेळेत टेस्टर खराब झाला असेल तर तो न पेटण्याला काही अर्थ नसतो. शिवाय मागे मेनच्या बाजूला कुठे न्यूट्रल तुटलेली असेल तर न्यूट्रलच्या तारेवरही टेस्टर पेटतो, कारण पंख्यातून फिरून फेज तिच्यात आलेली असते. आणि आपल्याकडे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. ती जमिनीकडे गळणारा करंट ओळखते. तू कोरड्या लाकडी स्टुलावर उभा राहून एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरलीस, तर तिच्या लेखी तू एक पंखा असशील.

आता बोर्ड. आपला बोर्ड न्हाणीघराच्या बाहेर, दाराच्या चौकटीशेजारी आहे हे फार चांगलं. टायमर तिथेच बसेल, आत ओल्या जागेत न्यायचा नाही. उघडताना हळू उघड, या दिवसांत पाल आत असते. दुकानात टायमर दोन प्रकारचे मिळतात. एकाला फक्त फेज आणि लोड लागतो, दुसऱ्याला न्यूट्रलही लागते. न्यूट्रल नसलेला प्रकार स्वतःला लागणारा थोडा करंट पंख्यातूनच ओढतो, आणि आपल्या ३० वॉटच्या पंख्यासारख्या हलक्या लोडवर कधी नीट बंद होत नाही, कधी पंखा बंद असून गुणगुणतो. म्हणून न्यूट्रलवाला घे. त्या बोर्डात प्लग पॉइंट आहे, म्हणजे न्यूट्रल आलेली आहे. मात्र ती पंख्याच्या फेजच्याच लाइनची आहे याची खात्री कर. फेज इन्व्हर्टरची आणि न्यूट्रल साध्या लाइनची, अशी खिचडी झाली की आरसीसीबी पडत राहते आणि कारण दिवसभर सापडत नाही.

रंगांवर विश्वास ठेवू नकोस. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल, पिवळी, निळी या फेजच्या तारा, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची. पण टायमरमधून बाहेर आलेल्या तारांत तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल असते. भिंतीतली निळी आणि टायमरची निळी एक समजून जोडलीस तर काय होईल ते तुला मास्तरांनी शिकवलंच असेल. टर्मिनलवरची अक्षरं वाच आणि टेस्टरने खात्री कर. टायमर फेजवर बसला पाहिजे, न्यूट्रलवर नव्हे. न्यूट्रल तोडूनही पंखा थांबतो, पण आत करंट जिवंत राहतो, आणि दिवाळीला पंखा पुसायला चढलेल्या माणसाला तो भेटतो. तारेचे पदर घट्ट पीळ, उघडं तांबं टर्मिनलच्या बाहेर दिसता कामा नये, आणि स्क्रू आवळल्यावर प्रत्येक तार ओढून बघ. जी सुटून हातात येईल ती पुढे ठिणगी पाडणारी होती असं समज.

तुझ्या निरोपात शेवटी लिहिलंस की जमलं तर असाच टायमर गिझरलाही लावू. तो लावायचा नाही. आपला विजेचा गिझर २००० वॉटचा, म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. पंख्यासाठी आणलेला टायमर त्याच्याखाली वितळेल. गिझरला त्याच्या लोडचाच टायमर लागतो. बचत मात्र तिथे आहे, हे तुझं बरोबर. सलग तासभर तापणारा गिझर दोन युनिट खातो, तेवढ्यात आपला पंखा ६६ तास चालतो.

आणि धुळ्याच्या तुमच्या घरी न्हाणीघरात गॅस गिझर आहे, त्याबद्दल ताईला मी गेल्या वर्षीच बोललो होतो. नळ सोडला की तो आपोआप पेटतो. म्हणजे हाही त्याच जातीचा. दार बंद, खिडकी बंद आणि जाळ आत, अशा वेळी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि दाराची कडी काढायचं त्राण राहत नाही. एक्झॉस्ट पंखा आहे ना, असं म्हणू नकोस. हवा आत यायला वाट नसेल तर पंखा उलट धुरांड्यातूनच हवा ओढतो आणि जळालेला वायू खोलीत आणतो. त्यावर टायमर असेल तर तो अर्ध्या अंघोळीत थांबेलही. पंखा वाफेसाठी आहे, वायूसाठी नाही. तो गिझर बाहेर, उघड्या हवेत काढून घ्या आणि नळाने गरम पाणी आत आणा. आपल्या टायमरचं काम चार महिने लांबलं तरी चालेल, हे लांबता कामा नये.

एक शेवटचं, कायद्याचं. घरातला दिवा, पंखा, फ्यूज, स्विच जसाच्या तसा बदलायला परवाना लागत नाही. १९५६च्या वीज नियमांपासून ही सवलत चालत आली आहे. पण नवी लाइन ओढणं, लोड वाढवणं, वायरिंगचं स्वरूप बदलणं हे काम परवानाधारक ठेकेदाराचं. बोर्ड उघडल्यावर न्यूट्रल सापडली नाही, किंवा तारा जळालेल्या दिसल्या, तर नवी तार ओढायच्या फंदात पडू नकोस. झाकण लावून टाक, पुढचं रीतसर करू. आयटीआयचं सर्टिफिकेट म्हणजे परवाना नव्हे. तो पुढे मिळवायचा आहे, आणि तुला मिळेल.

जुना स्विच काढशील तो फेकू नकोस. आजीला टायमर पटला नाही तर तो परत बसवावा लागेल. मिनिटं किती ठेवायची हेही तिलाच विचार. बटण तिच्या बोटांना दाबता येतं का ते तिच्यासमोर दाबून बघ. न्हाणीघर तिचं आहे, आपण फक्त पंखा थांबवायला आलो आहोत.

ताईला आणि दाजींना नमस्कार सांग. अभ्यास नीट कर.

तुझा
मामा